खेळाच्या जोरावर अमेरिकेच्या कॉलेजात जायचंय? आधी एवढं तपासा

शिवाजी पार्कच्या पूलवर नाहीतर अंधेरीच्या शहाजी राजे संकुलात पहाटे थर्मास घेऊन बसलेल्या पालकांमध्ये हल्ली हा विषय हमखास निघतो, "अमक्यांची मुलगी गेली ना अमेरिकेला, फुल स्कॉलरशिप!" त्यापुढचं कोणालाच धड माहीत नसतं. माझी मुलगी ब्रेस्टस्ट्रोकची स्विमर, आता तिकडे डिव्हिजन १ च्या टीममध्ये पोहते, आणि तिच्या मागच्या बॅचच्या मुलांचे आईबाबा मला तेच तेच विचारतात म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहावं. उदाहरणं पोहण्याची जास्त येतील, टेनिस, ॲथलेटिक्स, गोल्फवाल्यांनी आपापल्या खेळाला लावून घ्या.

माझं मत आधीच सांगते. स्कॉलरशिप किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न म्हणजे पोराचा खांदा गेला, टाइम बिघडला, कोच नोकरी सोडून गेला, तर ते कॉलेज पोराशी कसं वागतं? हे घरबसल्या, फुकटात, आधीच बरंचसं कळू शकतं, पण विचारावं लागतं.

१. डिव्हिजन म्हणजे काय ते समजून घ्या

कॉलेजचा खेळ तिकडे मुख्यतः एनसीएए नावाची संस्था चालवते, तिच्या तीन डिव्हिजन. १ आणि २ मध्ये खेळाची स्कॉलरशिप मिळते, ३ मध्ये मिळत नाही, तिथे मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. आयव्ही लीगची आठही कॉलेजं डिव्हिजन १ मध्ये आहेत पण खेळाची स्कॉलरशिप एक डॉलरही देत नाहीत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत करतात आणि ती परदेशी मुलांनाही मिळते. एनसीएएच्या बाहेर एनएआयए आहे, दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची एनजेसीएए आहे, तिथेही स्कॉलरशिप असतात. मुंबईतून स्क्वॉशची मुलं जातात त्यांचं अजून वेगळं, कॉलेज स्क्वॉश एनसीएएखाली येतच नाही, त्यांची स्वतंत्र असोसिएशन आहे.

आता खरी गोम. डिव्हिजन १ मध्ये सगळे खेळ सारखे नसतात. तिकडचं फुटबॉल (तो अंडाकृती चेंडूवाला) आणि पुरुषांचं बास्केटबॉल हे कमावते खेळ, बाकी सगळे त्यांच्या जिवावर जगतात. जून २०२५ मध्ये कोर्टात खेळाडू आणि एनसीएए यांच्यातली एक मोठी सेटलमेंट (तडजोड) मंजूर झाली, तेव्हापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ऐकायला भारी, पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलला जातो आणि ती भर काढायला छोट्या खेळांवर कात्री येते. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये मुलामुलींची अख्खी स्विमिंग टीम बंद केली, आणि त्यात या सेटलमेंटचं कारण दिलं. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत कॉलेजनेही २०२० मध्ये ११ खेळ बंद करणार असं जाहीर केलं होतं, माजी खेळाडूंनी रान उठवल्यावर २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. म्हणून कॉलेजचं नाव बघून हुरळू नका, *तुमच्या खेळाची* टीम तिथे किती पक्की आहे ते बघा. तिला माजी खेळाडूंचा वेगळा निधी आहे का, पूल स्वतःचा आहे का, गेल्या काही वर्षांत त्या कॉलेजने एखादी टीम बंद केलीय का, हे नेटवर सापडतं.

२. कागदपत्रं नववीपासून जपा

हो, नववीपासून. दहावी-बारावीची मार्कशीट आपण लॅमिनेट करून ठेवतो, नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जातं, आणि एनसीएए अभ्यास मोजतं नववीपासून. शाळेतून सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या, मराठी माध्यम असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर लागेल.

लागणारी कागदपत्रं:
- नववी ते बारावीचे निकाल, बोर्डाची मार्कशीट आणि पासिंग सर्टिफिकेट
- पासपोर्ट, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच (बोर्डावर आईचं नाव वेगळ्या जागी, पासपोर्टवर वडिलांचं मध्ये, हा घोळ आपल्याकडे घरोघरी)
- टोफेल किंवा आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा
- एसएटी, म्हणजे तिकडची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, ती एनसीएएला जानेवारी २०२३ पासून लागत नाही पण काही कॉलेजं स्वतःसाठी मागतात
- स्पर्धांचे अधिकृत निकाल, फक्त मेडल-सर्टिफिकेट नव्हे
- बँक स्टेटमेंट आणि सीएचं पत्र, स्कॉलरशिप अर्धी असेल तर उरलेले पैसे कुठून आणणार ते दाखवायला

मग एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (मूल खेळायला पात्र आहे का ते हेच ठरवतं) साइटवर अकाउंट काढायचं. डिव्हिजन १ ला १६ कोअर विषय-वर्षं लागतात (कोअर म्हणजे मुख्य अभ्यासाचे विषय, एक विषय वर्षभर शिकला की एक धरायचं), त्यात इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, समाजशास्त्र दोन वगैरे, आणि त्यांच्या मापाने किमान २.३ जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी.

यात मुंबईची मुलं एका ठिकाणी नेमकी अडकतात, ते म्हणजे कॉमर्स. प्रॅक्टिसला वेळ मिळावा म्हणून खेळाडू मुलं अकरावीला कॉमर्स घेतात आणि गणित सोडून देतात. नववी-दहावीचं गणित धरलं तरी तिसरं वर्ष कुठून आणणार? बरं बुक कीपिंग, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) हे धंद्याचे विषय कोअरमध्ये धरत नाहीत, इकॉनॉमिक्स चालतं. तेव्हा अमेरिकेचा विचार डोक्यात थोडा जरी असेल तर अकरावीच्या फॉर्मवर गणित ठेवाच, मग क्लासवाले काहीही सांगोत.

अजून एक, बारावीनंतर "एक वर्ष फक्त खेळू दे" म्हणून थांबायचं असेल तर आधी एलिजिबिलिटीचे चालू नियम वाचा. ठराविक मुदतीनंतर स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजात खेळायची वर्षं कापली जाऊ शकतात, टेनिसला ही मुदत फारच कमी आहे. बक्षिसाचे पैसे, सरकारी रोख पुरस्कार, एखाद्या ऑफिस टीमचा स्टायपेंड, सगळं अमॅच्युअरच्या (म्हणजे व्यावसायिक नव्हे, हौशी खेळाडू असल्याच्या) प्रश्नावलीत खरं खरं लिहा. लपवलेलं नंतर निघालं तर पोरगं तिकडे असतं आणि तुम्ही इकडे.

३. कोचला मेल पोराने लिहायचा

आईने किंवा बाबांनी लिहायचा नाही. कोचना ते अजिबात आवडत नाही. मेल छोटा, त्यात इयत्ता, बारावी कधी होणार, मुख्य इव्हेंट, टाइम, निकालाची लिंक, व्हिडिओ. स्विमिंगचा व्हिडिओ असेल तर स्टार्ट आणि टर्न पाण्याखालून दिसले पाहिजेत, गॅलरीतून मामाने काढलेला आणि मागे "चल चल चल" ओरडणारा व्हिडिओ नको.

टाइमचं एक लक्षात घ्या, आपल्याकडे नॅशनल ५० मीटरच्या पूलमध्ये, कॉलेजचा सीझन २५ यार्डाच्या पूलमध्ये, म्हणजे २२.८६ मीटर. टर्न जास्त, टाइम कमी. आपला १०० ब्रेस्टचा १ मिनिट १५ सेकंद तिकडे १ मिनिट ५-६ सेकंदांच्या आसपास दिसतो. मेलमध्ये खरा मीटरचाच टाइम द्या, बाजूला यार्डात बदललेला द्या, आणि बदललेला आहे असं स्पष्ट लिहा. मग त्या कॉलेजच्या कॉन्फरन्स मीटचे (ते कॉलेज ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्या गटाच्या स्पर्धेचे) निकाल काढून बघा, तुमचा टाइम कितव्या नंबरला बसतो. पहिल्या १६ च्या जवळपास असेल तर कोच ऐकतो. लांब पल्ल्याच्या मुलांनो, तिकडे ४०० आणि १५०० च्या जागी ५०० आणि १,६५० यार्ड असतात.

उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. बहुतेक खेळांत डिव्हिजन १ चे कोच दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी मुलांना व्यक्तिगत उत्तर देऊच शकत नाहीत, नियमच आहे. कॉल ठरला की वेळ नीट बघा. न्यूयॉर्कच्या बाजूला उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा, कॅलिफोर्निया अजून तीन तास मागे. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाटेची प्रॅक्टिस, त्या दिवशी प्रॅक्टिस सोडा.

४. एजंट

मुंबईत यासाठी लाखांत पैसे घेणारे आहेत. सगळे वाईट नाहीत, काहींचं काम चोख असतं. पण "स्कॉलरशिपच्या इतके टक्के आमचे" असं कोणी म्हणालं तर तिथूनच नमस्कार करा, फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून ठेवणं एनसीएएच्या नियमात बसत नाही आणि त्याचा फटका मुलाला बसतो. एज्युकेशनयूएसए या अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी सल्ला सेवेचं मुंबईत केंद्र आहे, कॉलेज निवडीची प्राथमिक माहिती तिथे मिळते, आधी तिथे जा.

५. कॉलवर काय विचारायचं

हा भाग नीट वाचा, कारण पालक इथेच लाजतात. "आपणच मागतोय, वर आणि प्रश्न काय विचारायचे!" विचारायचे. तिकडे प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट समजत नाहीत.

*टीममध्ये कोण टिकतं?* माझ्या मुलीने एका कोचला विचारलं, "चार वर्षांपूर्वी जितक्या मुली आल्या त्यातल्या किती आज टीममध्ये आहेत?" तोपर्यंत मस्त हसत बोलणारे गृहस्थ एकदम कागद चाळायला लागले. मग म्हणाले काहींनी ट्रान्सफर घेतली, काहींची प्रायॉरिटी बदलली. आम्ही त्या कॉलेजची जुन्या वर्षांची रोस्टर पानं (टीममधल्या खेळाडूंच्या याद्या) उघडून स्वतः मोजलं, पहिल्या वर्षाला आलेल्या निम्म्याहून जास्त मुली तिसऱ्या वर्षाला गायब. दुसऱ्या एका कोचीणबाईंनी न विचारता टीममधल्या तीन मुलींचे नंबर दिले, म्हणाल्या मी नसताना बोला. फरक कळला ना?

*दुखापत झाली तर?* १ ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ च्या कॉलेजांना खेळातून झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सुटल्यावरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो. एनसीएएचा मोठ्या अपघातांचा विमा ९०,००० डॉलरच्या वर लागू होतो, त्याच्या खालचं कॉलेज कसं भागवतं ते विचारा. बऱ्याच ठिकाणी कॉलेजचा विमा दुय्यम असतो, म्हणजे आधी तुमचा विमा वापरा, उरलेलं आम्ही. आपला इथला मेडिक्लेम तिकडे धरू नका. ऑपरेशनचा निर्णय कोण घेणार, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं का, हेही विचारा.

आणि "आज पोहायचं नाही" हे कोण ठरवतं? नियमाने टीमचे डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनर ठरवतात, कोचला त्यात बोलायचा अधिकार नाही. हे नुसतं कागदावर असून चालत नाही. २०१८ मध्ये मेरिलँड युनिव्हर्सिटीत जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू वर्कआउटमध्ये उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला, उपचारांतल्या चुकांची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी युनिव्हर्सिटीने नंतर स्वीकारली. म्हणून टीममधल्या मुलींशी बोलताना हाच प्रश्न फिरवून विचारा, "आजारी असताना प्रॅक्टिसला नाही गेलं तर काय होतं?"

*किती तास?* नियम आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. सीझन नसताना आठवड्याला ८. पण या २० मध्ये प्रवास धरत नाहीत, फिजिओकडचा वेळ धरत नाहीत, "ऐच्छिक" वर्कआउट धरत नाहीत, आणि मीट सकाळपासून रात्रीपर्यंत चालली तरी ती ३ तासच धरतात. त्यामुळे खरा आकडा बराच वर जातो. आता ऐच्छिक म्हणजे किती ऐच्छिक हे आपल्याकडच्या "रविवारी ज्यांना यायचंय त्यांनी या" सारखंच आहे, सगळे येतात.

*अभ्यासाचं काय?* हा सपोर्ट खरंच चांगला असतो, कबूल करते. खेळाडूंसाठी वेगळे ॲडव्हायजर, फुकट ट्यूटर, बऱ्याच ठिकाणी विषय निवडताना आधी नंबर, मीटला जाताना प्रोफेसरला द्यायचं पत्र. बसमध्ये लॅपटॉप उघडून लॅब रिपोर्ट लिहायचा आणि हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये टीमच्या ॲकॅडमिक स्टाफसमोर बसून परीक्षा द्यायची हे तिकडे नेहमीचं. इथे आमच्या हिची अटेंडन्स भरून काढायला मी कॉलेजच्या ऑफिसात किती वेळा स्पोर्ट्सचं पत्र घेऊन उभी राहिलेय विचारू नका.

पण हाच सपोर्ट उलटूही शकतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल युनिव्हर्सिटीत १९९३ ते २०११ नावापुरते कोर्स चालले, वर्ग नाही, एक पेपर दिला की चांगली ग्रेड, ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. आज इतकं उघड कोणी करत नसेल पण "हा मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) प्रॅक्टिसला सोयीचा आहे" असं ढकलणं चालतं. मुलाला इंजिनीअरिंग किंवा बायोलॉजी करायचं असेल तर सरळ विचारा, सध्या टीममध्ये हे करणारे कोण आहेत, आणि दुपारच्या लॅबची प्रॅक्टिसशी टक्कर झाली तर कोण माघार घेतं. दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के, तिसऱ्या अखेर ६०, चौथ्या अखेर ८० टक्के भाग पूर्ण लागतो नाहीतर खेळता येत नाही, म्हणजे मेजर मध्येच बदलणं खेळाडूला महागात पडतं.

*जेवण.* २०१४ पासून डिव्हिजन १ मध्ये खेळाडूंना जेवण-स्नॅक्स हवे तितके देता येतात, पण शाकाहारी मुलाला त्यात काय मिळतं ते विचारा, नाहीतर बीन्स आणि चीजवर सेमिस्टर काढावं लागतं. न्यूट्रिशनिस्ट असतील तर नेहमीच्या पावडरी, आयुर्वेदिक चूर्णं, आजीने दिलेली रसायनं सगळ्यांची यादी आधीच पाठवून विचारून घ्या. ताकदीच्या औषधांच्या चाचणीत सापडलात तर एक वर्ष खेळ बंद, "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

६. ऑफर आली की कागद बघा, फोनवरचं विसरा

पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (त्या कॉलेजात जाण्याचं बांधील पत्र) असायचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर. त्यात बघायचं:

- रक्कम किती आणि ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, यातलं काय काय धरलंय. "फुल" म्हणजे काय हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो.
- एक वर्षाची की चार. बऱ्याच ऑफर एका वर्षाच्या असतात आणि दरवर्षी रिन्यू होतात.
- २०२४ च्याच नियमांप्रमाणे डिव्हिजन १ मध्ये खेळातली कामगिरी किंवा दुखापत या कारणाने स्कॉलरशिप कापता येत नाही. पण *टीममधली जागा* ही वेगळी गोष्ट आहे. सेटलमेंट स्वीकारलेल्या कॉलेजांत प्रत्येक खेळाला खेळाडूंची कमाल संख्या ठरलीय, जागा भरली की कोणीतरी बाहेर. असं झालं तर स्कॉलरशिप राहते का, ते मेलवर लिहून घ्या.
- उन्हाळ्याच्या क्लासेसचे पैसे आणि चारऐवजी पाच वर्षं लागली तर पाचव्याचे कोण देणार.

कोच बदलला तर? कोच जातात, सर्रास जातात, ज्याच्यासाठी कॉलेज निवडलं तोच ऑगस्टमध्ये दुसरीकडे. मग मुलं ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या यादीत, नाव टाकतात. नाव टाकणं सोपं आहे, पण टाकल्यावर सध्याचं कॉलेज पुढच्या टर्मपासून स्कॉलरशिप थांबवू शकतं आणि नवीन कॉलेज मिळेलच याची खात्री नसते. रागाच्या भरात रात्री दोन वाजता पोर्टलचा फॉर्म भरू नका, आधी घरी फोन करा.

७. व्हिसा आणि पैशांच्या गोष्टी

कॉलेजकडून आय-२० (प्रवेशाचा व्हिसासाठी लागणारा फॉर्म) आला की सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी, मग व्हिसाचा फॉर्म आणि बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटात इंटरव्ह्यू. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात, जुन्या पोस्ट एकदा डोळ्याखालून घाला. इंटरव्ह्यूत "खेळायला चाललोय" म्हणू नका, शिकायला चाललाय आणि कॉलेजच्या टीममध्ये आहात.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, टर्मला किमान १२ क्रेडिट, त्यात ऑनलाइन एकच कोर्स धरतात, त्यामुळे जड जातंय म्हणून विषय ड्रॉप केला तर व्हिसा आणि खेळ दोन्ही एकदम गोत्यात. दोन, अमेरिकन टीममेट इन्स्टावर जाहिराती करून कमावतात (२०२१ पासून परवानगी आहे), ते बघून तुम्ही करू नका, तिकडे बसून केलेलं कमाईचं काम व्हिसाच्या नियमात अडकू शकतं. शूजची फुकट जोडी घेऊन फोटो टाकायचा असेल तरी आधी इंटरनॅशनल ऑफिसला मेल. तीन, टॅक्स. ट्यूशन आणि पुस्तकांच्या स्कॉलरशिपवर नाही, पण राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याचा १४ टक्के कापला जातो, आणि "फुल राइड"वाल्या (सगळा खर्च स्कॉलरशिपमध्ये मिळालेल्या) घरांना हे पहिलं बिल आल्यावर कळतं. रिटर्न भरल्यावर काही परत मिळू शकतात. उत्पन्न नसलं तरी ८८४३ नंबरचा फॉर्म भरायचा असतोच.

८. पहिलं सेमिस्टर

पोराला सांगा, पहिल्या आठवड्यात तीन माणसांना जाऊन भेट: टीमचा ॲथलेटिक ट्रेनर, अभ्यासाचा ॲडव्हायजर आणि नियम बघणारा कम्प्लायन्स ऑफिसर. कोचशी बिनसलं तर हीच माणसं कामाला येतात. काउन्सेलर असतोच, तिकडे जाण्यात कमीपणा नाही, हे निघायच्या आधी घरातल्या मोठ्यांनी तोंडाने बोलून दाखवा, नाहीतर मुलं जात नाहीत. कोणाचं वागणं, स्पर्श, बोलणं खटकलं तर टायटल नाइन (लिंगभेद आणि लैंगिक छळाविरुद्धचा अमेरिकन कायदा) ऑफिस म्हणून असतं, त्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून द्या.

टाइम पहिल्या वर्षी बिघडतो. वजनं नवीन, जेवण नवीन, थंडी, यार्डाचे टर्न, त्यात घरची आठवण. जानेवारीत फोनवर रडारड झाली तर लगेच तिकीट बुक करू नका आणि "तुझ्यासाठी किती केलं" ही कॅसेट पण लावू नका, फेब्रुवारीतली कॉन्फरन्स मीट होऊ द्या.

वर्ष संपलं की १ जुलैपर्यंत कॉलेजने स्कॉलरशिप रिन्यू होतेय, कमी होतेय की बंद होतेय ते लेखी कळवायचं असतं. कमी किंवा बंद केली तर अपील करता येतं, आणि ते अपील कोचकडे नाही, कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाकडे जातं. पत्रात त्याची मुदत दिलेली असते, ती आधी बघा.